उंदीर खाणारे आणि उंदीर पोसणारे

काही महिन्यांपूर्वी मुरबाडच्या बाजारपेठेतील एका आजी आपल्या सात वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीचे पोट अधूनमधून दुखते, जेवणावर वासना नाही, रात्री दात खाते, चिडचिड करते, अशी तक्रार होती. जंताची गोळी शाळेत मिळाली होती, घरच्यांनी दुकानातून आणून आणखी दोनदा दिली होती, तरी गुण नव्हता. आजींनी निदान घरूनच करून आणले होते. "डॉक्टर, ही त्या कातकऱ्यांच्या पोरांत खेळते. ती माणसं उंदीर खातात. तिथूनच काहीतरी लागलंय हिला."

दात खाणे आणि जंत यांची सांगड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घातली जाते. तिला फारसा आधार नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. मी मुलीचे शौच तपासून आणायला सांगितले. आजींना ते मुळीच पटले नाही. आपल्याकडे रक्त तपासायला लोक आनंदाने हात पुढे करतात, एक्स-रे तर मागून घेतात, पण शौच तपासा म्हटले की डॉक्टरला काही येत नाही असे त्यांना वाटते. शेवटी मुलीच्या आईने डबी नेली. चार दिवसांनी कल्याणहून अहवाल आला. उंदराच्या आतड्यात राहणाऱ्या चपट्या जंताची, म्हणजे टेपवर्मची, अंडी त्यात दिसली होती.

"बघा, मी काय म्हणत होते!" आजी म्हणाल्या.

मी विचारले, "आजी, तुमच्या घरी उंदीर आहेत का?"

"कुणाच्या घरी नाहीत? खाली दुकान, मागे धान्याची खोली. माळ्यावर तर रात्रभर शर्यती चालतात."

"आणि ही मधल्या वेळी काय खाते?"

याचे उत्तर आईने दिले. पोरीला कच्चे तांदूळ आणि कोरडे पोहे चघळायची सवय. दुकानातल्या पोत्यात हात घालते, मूठ भरते आणि फ्रॉकच्या खिशात टाकते.

वाचकहो, या जंताची वाट मोठी गमतीची आहे. तो उंदराच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी उंदराच्या लेंडीवाटे धान्यात पडतात. ती अंडी तशीच माणसाच्या पोटात गेली तर काही होत नाही, आली तशी निघून जातात. मात्र जुन्या पिठात, कोंड्यात, पोह्यांत जो तांबूस किडा होतो त्याने किंवा त्याच्या अळीने ती अंडी खाल्ली की त्या किड्याच्या अंगात जंताचे पिल्लू तयार होते. तो किडा कच्चाच कुणी गिळला की पिल्लू आतड्याला चिकटते आणि वीतभरापासून हात-दीड हातापर्यंत वाढते. भाकरी भाजली, भात शिजवला, की किड्यासकट सारे मरते. म्हणून हा जंत बहुधा मुलांतच सापडतो, कारण कच्चे धान्य तोंडात टाकतात ती मुलेच. याचाच एक बुटका भाऊबंद आहे, बोटाच्या दोन पेरांएवढा. तो उंदरांतही असतो आणि माणसांतही. त्याला किड्याची गरज लागत नाही. हाताच्या घाणीतून एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जातो आणि पोटातल्या पोटात वंश वाढवतो. जगात माणसाला होणाऱ्या टेपवर्ममध्ये सर्वांत जास्त आढळतो तो हाच.

या मुलीला कातकरीवाडीवरून काही लागले नव्हते. जे लागले ते स्वतःच्या दुकानातल्या पोत्यातून. हे आजींना सांगताना मला जरा आनंद झाला, हे कबूल करतो.

शाळेत मिळणाऱ्या गोळीविषयीही दोन शब्द. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती चांगली गोळी आहे, गोल जंतांवर आणि रक्त पिणाऱ्या आकडीच्या जंतांवर तिचा उपयोग होतो, आणि कोणी तिच्याविरुद्ध काही सांगितले तर ऐकू नये. पण या चपट्या जंतांवर तिचा भरवसा धरता येत नाही. त्यांना प्राझीक्वांटेल नावाचे औषध लागते, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरने ठरवून. ते आमच्याकडच्या औषधाच्या दुकानांत सहसा नसते, मागवावे लागते. म्हणून म्हणतो, दोन वेळा गोळी देऊन गुण नसेल तर तिसरी देण्याआधी एकदा शौच तपासा. खर्च थोडा आहे आणि लाज बाळगण्यासारखे त्यात काही नाही.

आता कातकऱ्यांविषयी. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. सरकारने आदिम म्हणून नोंदलेल्या जमातींपैकी ही एक. भाताची कापणी झाली की ही माणसे बांधावरची बिळे उकरतात. शेतातला उंदीर आणि घूस बिळात भाताच्या लोंब्या साठवून ठेवतात, त्या मिळतात आणि उंदीरही मिळतो. उंदीर जाळावर टाकून केस जाळायचे, पोट साफ करायचे, भाजायचे किंवा शिजवायचे. त्या मोसमात कित्येक घरांत तेवढेच मांस असते. यावरून आमच्या गावांत त्यांना काय काय बोलले जाते, ते इथे लिहीत नाही. पंगतीत पाणी वेगळे, शाळेत पोरगा वेगळा, आणि गावात काही रोग आला की बोट वाडीकडे.

मी डॉक्टर आहे, म्हणून डॉक्टरच्याच भाषेत सांगतो. शिजवलेल्या किंवा नीट भाजलेल्या उंदराच्या मांसातून उंदराचे जंत माणसाला होत नाहीत. उंदराच्या यकृतावर कधी कधी पांढऱ्या गाठी दिसतात. त्या मांजरीच्या टेपवर्मची पिल्ले असतात, मांजरीने उंदीर खाल्ला की तिच्या पोटात मोठी होतात. माणसाशी त्यांचा संबंध जवळजवळ नाहीच. यकृतात राहणारा दुसराही एक बारीक कृमी आहे. त्याची अंडी मांसाबरोबर खाल्ली तर जशीच्या तशी शौचावाटे निघून जातात. ती मातीत पडून काही आठवडे मुरली आणि मग मातीच्या हाताने तोंडात गेली तरच घात करतात, आणि तसे रुग्ण जगभरात फार थोडे नोंदले गेले आहेत. म्हणजे इथेही खाणारा बहुधा सुटतो. अडकला तर मातीत खेळणारे मूल अडकते, मग ते कोणत्याही जातीचे असो.

एकदा एका वाडीवर मी हाच विषय काढला. तिथल्या म्हाताऱ्या बाबांना विचारले, घरात उंदीर किती? आमच्या भागातले आदिवासी सर्वांनाच एकेरी हाक मारतात, त्यात अनादर नसतो. ते म्हणाले, "दाक्तर, तू बघ की. आमच्या झोपडीत उंदीर कशाला येल? त्याला खायला हाय काय तिथं?"

हे अगदी शंभर टक्के खरे नाही. झोपडीतही उंदीर असतात. पण बाबांच्या बोलण्याचा रोख मला विसरता येत नाही. उंदीर जातो धान्यामागे. धान्य ज्यांच्याकडे आहे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे, तिथे तो पोसला जातो. कणगीचे शेण-मातीचे लिंपण उखडले तर आपण गोणपाट कोंबून भागवतो. पोती जमिनीवर, भिंतीला टेकवून. पेंढ्याची उडवी घराला लागून. गुरांचा कोंडा उघड्या पिंपात. वर्षभर उंदीर पोसायचे आणि दोन महिने उंदीर खाणाऱ्याला नावे ठेवायची, हा न्याय मला समजत नाही.

कातकऱ्यांना धोका नाही असे मात्र मी म्हणत नाही. धोका आहे, आणि तो ताटात नसून हातांत आहे. उंदराच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा नावाचे सूक्ष्म जंतू बिऱ्हाड करून असतात. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही. तो मुततो तेव्हा ते बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे जगतात. बीळ उकरणाऱ्याच्या हाताला चीर असेल तर तिथून शिरतात. पण तेच जंतू खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी करणाऱ्या कुणब्याच्या, ठाकराच्या, आगऱ्याच्या पायांच्या भेगांतूनही शिरतात. गुरे, कुत्री, डुकरे यांच्या लघवीतूनही ते येतात, पण मुख्य वाहक उंदीर. जातीपातीचे सोवळे या जंतूला नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला आवडत नाही, म्हणूनच बरीच वर्षे राहिली.

दवाखाना काढून मला तिसरे वर्ष होते. आवणीचे दिवस. डोळखांबकडच्या एका गावातला पंचविशीचा जवान शेतकरी तापाने फणफणून आला. अंग ठणकते म्हणाला. डोळे लाल होते. त्या आठवड्यात डोळे येण्याची साथ होती, मी तेच धरले. पावसाळ्यातला ताप म्हणजे हिवताप, म्हणून त्याच्या गोळ्या दिल्या. त्याने सुई मागितली, सुई दिली. तो म्हणाला होता, "पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देवत नाही." मी म्हणालो, चिखलात दिवसभर राबल्यावर दुसरे काय होणार. पाचव्या दिवशी त्याला त्याच्या भावाने जीपमधून आणले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि आदल्या दिवसापासून लघवी झाली नव्हती. मी मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

ताप, लाल पण न चिकटणारे डोळे, पोटऱ्यांची जीवघेणी दुखी आणि आधीच्या दोन-तीन आठवड्यांत चिखलपाण्यात काम. या चार गोष्टी एकत्र दिसल्या की लेप्टोची शंका घ्यावी, हे मी पुस्तकात वाचले होते. परीक्षेत लिहिलेही होते. समोर माणूस बसला तेव्हा आठवले नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्सीसायक्लीनसारखी साधी, स्वस्त गोळी सुरू केली तर बहुतेक रुग्ण घरच्या घरी बरे होतात. उशीर झाला की मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसे एकामागून एक धरली जातात. रक्ताची नेहमीची तपासणी आजाराचे चार-सहा दिवस उलटेपर्यंत खात्रीने काही सांगत नाही. म्हणून अहवालाची वाट पाहत बसायचे नसते, शंकेवरच औषध सुरू करायचे असते. त्या दिवसापासून पावसाळ्यात येणाऱ्या प्रत्येक तापकऱ्याच्या पोटऱ्या मी दाबून पाहतो. लोकांना ते विचित्र वाटते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर पाण्यात गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोने माणसे दगावली. तेव्हापासून पावसाळ्यात पाणी तुंबले की मुंबई महापालिका जाहीर सांगते, पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांना भेटा, प्रतिबंधक गोळी घ्या. उत्तम गोष्ट आहे. मुंबईकर वर्षातून दोन-चार दिवस तासभर पाण्यातून चालतो. आमचा शेतकरी जून-जुलैत दिवसाचे आठ तास, सलग तीन-चार आठवडे त्याच पाण्यात उभा असतो, आणि त्याला हे सांगायला कोणी येत नाही. मुंबई ज्या भातसा, तानसा, मोडकसागरचे पाणी पिते ती शहापूर तालुक्यातली. पाणी जसे इथून तिकडे जाते तसे थोडे आरोग्यशिक्षण तिकडून इकडे यायला हरकत नव्हती. असो.

गमबूट घाला, असे सल्ले मी देत नाही. चिखलणी केलेल्या खाचरात गमबूट घालून उभे राहून पाहिलेल्या माणसाने तो सल्ला दिलेला नाही. बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो. पट्टी लावली तर तासाभरात सुटते. ज्यांच्या पायांना उघड्या जखमा आहेत त्यांनी त्या भरेपर्यंत चिखलात उतरू नये, मजुरी बुडाली तरी. घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. आठवड्याला एक प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचारून ठरवावे. गरोदर बाया आणि लहान मुले यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. माझा खरा आग्रह वेगळाच आहे. ताप आला की डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा, "मी आवणीला होतो" किंवा "मी बीळ उकरले होते." डॉक्टरने विचारले नाही तरी सांगा. डॉक्टर विसरतात, हे मी वर लिहिलेच आहे.

पाऊस ओसरला की दुसरा पाहुणा येतो. गवत उभे राहते, कापणी सुरू होते. त्या गवतात आणि झुडपांत गोचिडाच्या कुळातला, डोळ्याला जेमतेम दिसणारा तांबडा किडा असतो. त्याची पिल्ले उंदरांच्या कानांत, अंगावर चिकटून जगतात. माणूस गवतात बसला की माणसाला चिकटतात. त्यांच्या चावण्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांना याने फार छळले. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात याची साथ आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळ डॉक्टरांनी हे नाव कॉलेज सोडल्यानंतर प्रथमच उच्चारले असेल. चावा दुखत नाही. तिथे पुढे विडीने भाजल्यासारखी काळी खपली धरते. मात्र ती असते काखेत, जांघेत, कमरेला नाडी बांधतो तिथे, बायकांच्या छातीखाली. म्हणजे दवाखान्यात जी जागा कोणी दाखवत नाही आणि डॉक्टरही पाहत नाही, नेमकी तिथे. बाईमाणसाला पुरुष डॉक्टरपुढे संकोच वाटणार, हे मान्य. घरातल्या दुसऱ्या बाईने पाहावे, आशाताईने पाहावे आणि डॉक्टरला येऊन सांगावे. खपली सापडली तर अर्धे काम झाले. यालाही औषध तेच, डॉक्सीसायक्लीन. खपली सगळ्यांनाच असते असेही नाही. म्हणून भादव्यापासून दिवाळीनंतरपर्यंत पाच दिवसांवर गेलेला ताप अंगावर काढू नये.

फुप्फुसात राहणारा उंदराचा एक कृमी गोगलगायीतून माणसाकडे येतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. मुंबईच्या उंदरांत तो सापडल्याची नोंद १९८२ सालची आहे. आपण गोगलगायी कच्च्या खात नाही, म्हणून सहसा सुटतो. तरी पावसाळ्यात कोथिंबीर आणि पाला पाने सुटी करून धुवावा, बारीक गोगलगाय पानाला चिकटून येते. याहून अधिक भीती बाळगायचे कारण नाही.

पिसवांविषयी मात्र थोडे सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. तेव्हा प्लेग कशाने पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, प्रयोग करून दाखवले की रोग उंदराच्या पिसवेतून येतो. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे आजारी पडत, मरून बराच काळ झालेला उंदीर हाताळणारे पडत नसत. कारण अंग गार होऊ लागले की पिसवा उंदराला सोडतात आणि जवळचे दुसरे ऊबदार अंग शोधतात. त्याचे म्हणणे बरीच वर्षे लोकांनी हसण्यावारी नेले. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, जिला आता हाफकिन संस्था म्हणतात, पुढे प्लेग कमिशनने ते खरे ठरवले.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची साथ आली. तेव्हा लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडत होते आणि टेट्रासायक्लीनच्या गोळ्या मुठीमुठीने घेऊन जात होते, हे अनेकांना आठवत असेल. त्यानंतर २००२ साली हिमाचल प्रदेशात आणि २००४ साली उत्तराखंडात लहान साथी झाल्या. आमच्या भागात आज प्लेग नाही. पण त्या भीतीपोटी आणि धान्याच्या नासाडीपोटी आपण जे करतो, ते कधी कधी रोगापेक्षा वाईट असते. उंदीर मारायचे म्हणजे विष, एवढेच आपल्याला कळते. घरात उंदरांची मर चालू असताना आधी पिसवांचा बंदोबस्त न करता उंदीर मारत सुटणे म्हणजे पिसवांना आपल्या अंथरुणाकडे धाडणे होय. कारण न कळता उंदीर पडू लागले तर हात न लावता आधी आरोग्य केंद्राला कळवावे. आपले आजे-पणजे उंदीर पडला की गाव सोडत. ते भित्रे होते असे नाही.

विषाची दुसरी बाजू वाडीवर दिसते. शेतकरी बांधावरच्या बिळांत झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकतो, त्याचे धान्य आहे, त्याला तो हक्क आहे. पण त्याच बिळांवर चार दिवसांनी वाडीतली माणसे येतील, हे त्याला ठाऊक असते. तरी तो सांगत नाही. विषाने मेलेला किंवा अर्धमेला उंदीर शिजवला तरी विष जात नाही. एवढे सांगायला काय लागते? बांधावर एक खूण करायची, हिरवी फांदी खोचायची, वाडीत एक निरोप धाडायचा. एका शेतकऱ्याला मी हे म्हटले तर तो म्हणाला, "डॉक्टर, आम्ही त्यांना उंदीर खायला सांगितलंय का?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण कातकऱ्यांनी खाऊन कमी केलेले उंदीर याच्याच कणगीपर्यंत पोहोचले नाहीत, हा हिशेब त्याने कधी मांडलेला नव्हता.

वाडीवर मी सांगतो ते एवढेच. मेलेला सापडलेला उंदीर उचलू नका. मारलेला लगेच जाळावर टाका, हातात खेळवत बसू नका. ही तुमची जुनी रीत आहे आणि ती बरोबर आहे. आतडी आणि गुर्दे कुत्र्या-मांजरांना न टाकता पुरून टाका. हाताला चीर असेल त्याने पोट साफ करू नये. साबण असेल तर साबणाने, नसेल तर राखेने हात धुवा. म्हाताऱ्या बाबांनी हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले की साबण आणून दे. पुढच्या खेपेला नेला.

बाजारपेठेत सांगायचे ते अधिक अवघड आहे, कारण तिथल्या लोकांना आपण स्वच्छ आहोत अशी खात्री असते. पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर. कोंडा आणि पोहे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जुने पीठ-रवा संपल्याशिवाय नवा त्यात मिसळू नका, जुन्यातले किडे नव्यात येतात. उडवी घरापासून लांब रचा. शेतात धामण दिसली तर काठी घेऊन धावू नका. ती तुमची बिनपगारी नोकर आहे.

त्या मुलीला औषध दिले. एकच मात्रा, तीही कल्याणहून मागवून. तीन आठवड्यांनी पुन्हा शौच तपासले, अंडी नव्हती. जेवू लागली आहे. दात अजून खाते. आजींनी घरातले पोह्यांचे डबे उन्हात घालून स्वच्छ केल्याचे आवर्जून कळवले. परवा त्यांच्या दुकानावरून गेलो तेव्हा आत डोकावलो. पोती मात्र अजून जमिनीवरच आहेत, भिंतीला टेकून.